हरलेले डाव परत बघताय? आधी घड्याळ बघा (ब्लिट्झवाल्यांसाठी धागा)

प्यादेपंत

दिव्या देशमुखच्या धाग्यावर इतके बुद्धिबळवाले निघाले की म्हटलं वेगळा धागा काढूच. विषय आपल्यासारख्यांचा, म्हणजे रात्री जेवणं उरकली की मोबाईल घेऊन ब्लिट्झचे, ३+० चे डाव (प्रत्येकाला अख्ख्या डावाला तीन मिनिटं, वर एकही सेकंद नाही) कुटत बसणाऱ्यांचा. रेटिंग वर्षभर तिथल्या तिथे, कधी शंभरने वर कधी शंभरने खाली, आणि दर रविवारी यूट्यूबवर नवीन ओपनिंग शिकायचं की आता या लंडन सिस्टिमने सगळ्यांना लोळवतो. लोळत कोणी नाही.

हल्ली मी खेळणं निम्म्यावर आणलंय आणि उरलेल्या वेळात हरलेले डाव परत बघतो. पूर्वीही बघायचो, पण बघायचो म्हणजे काय तर डाव संपला की लगेच इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) लावायचं, लाल रंगाची चाल शोधायची, "अरे हत्ती फुकट दिला की" म्हणायचं आणि पुढचा डाव. यातून शिकायचं काय, हत्ती फुकट देऊ नये हे मला आधीपासून माहीत आहे!

आता इंजिन बंद ठेवतो. लिचेस या साइटवर डाव झाला की ॲनालिसिस बोर्डच्या खाली मूव्ह टाइम्सचा आलेख येतो, कुठल्या चालीला किती वेळ घेतला त्याच्या उभ्या रेघा असतात. आधी तोच उघडतो. ३+० मध्ये १८० सेकंद, डाव ४० चालींचा धरला तर चालीला साडेचार सेकंद येतात. हे गणित करायला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही केलं नव्हतं. माझ्या आलेखात जवळजवळ दर हरलेल्या डावात तेराव्या-चौदाव्या चालीच्या आसपास एक ताडमाड रेघ असते, पंचवीस-तीस सेकंदांची. तिथे पटावर काय चाललंय म्हणून बघावं तर काही नाही, हत्ती डी१ वर आणू की ई१ वर, एवढंच. दोन्ही चाली चांगल्या. पुढे ३२व्या चालीला घड्याळात नऊ सेकंद उरलेले असतात आणि तिथे हत्ती जातो. इंजिन ३२वी चाल लाल करतं, कारण त्याला घड्याळाशी देणंघेणं नाही. डाव खरा गेला चौदाव्या चालीला.

तुम्ही लोक डाव परत बघता का, बघत असाल तर नेमकं काय बघता ते लिहा. नुसतं "पझल्स सोडवा" लिहू नका, ते सगळे सांगतात.

रिकामटेकडा

पंत, लिहिलंय छान पण मला पटलं नाही. तीन मिनिटांचा डाव आणि त्यावर पंधरा मिनिटं शवविच्छेदन? त्यापेक्षा सरळ १५+१० (पंधरा मिनिटं, शिवाय दर चालीला दहा सेकंद) खेळा, त्यात विचार करायला वेळ मिळतो आणि चुका खऱ्या असतात. ब्लिट्झमधल्या चुका घाईच्या, त्यांचा अभ्यास करून काय मिळणार, घाई केली हेच ना.

आणि पझल्स सोडवाच :)

निशाचर_ठाणे

+१ पंतांना. मी आत्ताच माझा आलेख बघून आलो, माझी ताडमाड रेघ सातव्या चालीला आहे. सातव्या!! ओपनिंगमध्ये. समोरच्याने पुस्तकाबाहेरची चाल खेळली की मी थिजतो आणि हे मला आजवर कळलंच नव्हतं.

टिकटिक

रिकामटेकडा, १५+१० खेळावं हे बरोबरच, मीही तेच सांगतो, पण पंतांचा मुद्दा वेगळा आहे. घड्याळाच्या सवयी ब्लिट्झमध्येच उघड्या पडतात, सावकाश डावात त्या झाकल्या जातात. शिवाय घाईतली चूक म्हणजे काहीही चूक नसते हो, घाईत माणूस त्याच त्या चुका करतो. मी शिकवतो त्यातल्या एकाचा उंट कायम तिरक्या रेषेवर लांबून येणाऱ्या वजिराला पडतो. जवळचा धोका त्याला लगेच दिसतो, पटाच्या दुसऱ्या टोकावरचा दिसत नाही. हे एका डावातून कळत नाही, दहाबारा हरलेले डाव ओळीने बघितले की कळतं.

माझी पद्धत थोडक्यात. डाव संपला की पुढचा डाव सुरू करायचा नाही (हीच सगळ्यात अवघड पायरी आहे, निशाचर सांगतील). पट पहिल्या चालीपासून भराभर पुढे न्यायचा आणि जिथे आपल्याला खेळताना नीट कळत नव्हतं तिथे थांबायचं. चूक कुठे झाली ते आत्ता नाही शोधायचं, गोंधळ कुठे झाला ते शोधायचं. तिथे स्वतःच्या डोक्याने दुसरी चाल काढायची, आणि मग इंजिन. इंजिनही पहिल्या पसंतीची चाल दाखवतं म्हणून तीच बरोबर असं धरून बसायचं नाही, माझ्या मनातली चाल तिसरी असेल आणि फरक ०.२ चा (इंजिनच्या हिशोबात १ म्हणजे साधारण एक प्यादं) असेल तर मी म्हणतो चालतंय. ब्लिट्झमध्ये सहज सुचणारी तिसरी चाल ही न सुचणाऱ्या पहिल्या चालीपेक्षा कधीही भारी.

अजून एक, +९ वरून +५ वर आलात तर रडू नका. जिंकतच होतात, अजून जिंकताय. लिचेससुद्धा चूक किती मोठी ते नुसत्या प्याद्यांच्या हिशोबात धरत नाही, जिंकायची शक्यता किती घसरली ते बघतं. पण ०.० वरून -२ झालं असेल तर थांबा, तिथे काहीतरी आहे.

आणि एका डावातून एकच गोष्ट घ्यायची. पाच लिहिल्या तर पाचही विसरतो.

हत्ती_गेला

माझं दुखणं घड्याळ नाही, मी घड्याळापर्यंत पोचतच नाही. पांढऱ्याने प्यादं डी४ खेळलो की समोरचा प्यादं ई५ करतो, मी ते खातो, घोडा सी६, घोडा एफ३, मग वजीर ई७. प्यादं वाचवायला उंट एफ४, तर वजीर बी४ शह. उंट डी२ मध्ये घातला की वजीर बी२ खातो. आता हत्तीवर मारा आहे म्हणून मी वजिरावर उंट टाकतो सी३ ला आणि तिथून पुढे काय होतं माहीत नाही, मी हरतो. आठवड्यातून दोनदा तरी हाच डाव.

टिकटिक

हाहा, हा एंग्लुंड गँबिट, अर्धा इंटरनेट यात मेलाय. उंट सी३ ला काळा उंट बी४ खेळतो. तुम्ही वजीर डी२ ने आधार देता, तो उंटाने सी३ खातो, तुम्ही वजिराने परत खाता आणि वजीर सी१ ला मात. वजिराऐवजी घोड्याने खाल्लंत तर मात नाही, पण कोपऱ्यातला हत्ती शहासकट जातो.

सहाव्या चालीला उंट सी३ ऐवजी घोडा सी३ खेळा, बस. मग त्याने उंट बी४ केलं तर हत्ती बी१, वजिराला पळावं लागतं, तो ए३ ला गेला की तुमचे मोहरे सगळे बाहेर आणि त्याच्याकडे एकटा भटकणारा वजीर. एवढी एक चाल पाठ केलीत की यापुढे समोरच्याने ई५ केलं की तुम्हाला आनंद होईल.

आता डाव परत बघण्याचा फायदा बघा, हेच तुम्ही पहिल्यांदा हरलात त्या रात्री दोन मिनिटं थांबून बघितलं असतं तर कित्येक डाव वाचले असते. ॲनालिसिस बोर्डवर पुस्तकाचं चिन्ह आहे, त्यात प्लेअर टॅब असतो. तिथे स्वतःचं नाव घाला, रंग निवडा, तुम्ही कुठल्या चालीनंतर किती जिंकता किती हरता ते सगळं झाडासारखं उघडतं. हरल्याची पट्टी जिथे जास्त, तिथे एकेक दुरुस्ती करायची. अख्खं ओपनिंगचं पुस्तक वाचायची गरज नाही, आपण जिथे मरतो तेवढंच.

हत्ती_गेला

दंडवत __/\__

काळ्याने खेळतानाही बघितलं आत्ता, ती पट्टी नुसती रक्तबंबाळ आहे. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, आणि मग तो घोडा जी५. मी डी५ करतो, तो खातो, मी घोड्याने खातो...

प्यादेपंत

आणि तो घोड्याने एफ७ खातो आणि तुमचा राजा पटाच्या मधोमध फिरायला निघतो :) घोड्याने नका खाऊ, घोडा ए५ ला नेऊन उंटाला हाकला. एक प्यादं जातं पण खेळ मोकळा मिळतो, निदान राजा घरात राहतो.

आईची_शंका

मी स्वतः खेळत नाही, मुलासाठी विचारतेय. अकरा वर्षांचा आहे, क्लासला जातो, पण घरी दिवसभर एक मिनिटाचे डाव. क्लासचे सर म्हणतात मोबाईल बंद करा, तो म्हणतो सगळे ग्रँडमास्टर बुलेट खेळतात. त्याला डाव परत बघ म्हटलं की इंजिन लावतो आणि "अ‍ॅक्युरसी ८७ आली बघ" म्हणतो. यात काही अर्थ आहे का?

सांगलीकर

ताई, इंजिनने दिलेल्या अचूकतेच्या त्या ८७ ला फारसा अर्थ नाही. समोरच्याने तिसऱ्या चालीला वजीर दिला असेल तर कोणाचीही ८७ येते.

मी जुन्या वळणाचा माणूस आहे, सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या मंडळाच्या स्पर्धांमध्ये डाव लिहून घेत वाढलो. तेव्हा डाव संपला की दोघंही खेळाडू पट घेऊन बाहेर ओट्यावर बसायचे आणि हरलेला जिंकलेल्याला विचारायचा, तू इथे काय बघितलं होतंस. इंजिन हे सांगत नाही. इंजिन चाल सांगतं, समोरच्याच्या मनात काय होतं आणि आपल्या मनात काय नव्हतं हे नाही सांगत. गुकेशच्या सुरुवातीच्या प्रशिक्षकांनी, विष्णु प्रसन्नांनी, त्याला कितीतरी काळ इंजिनपासून लांब ठेवलं होतं हे तुमच्या मुलाला जरूर सांगा, ग्रँडमास्टरांचंच उदाहरण हवं असेल तर.

त्याला मोबाईल बंद कर म्हणू नका, ऐकणार नाही. एक वही द्या. रोज हरलेला एकच डाव, आणि त्यात एकच वाक्य, त्याच्या शब्दात. "मला वाटलं घोडा मागे जाईल पण तो पुढे आला" असं. चालींची यादी नको. महिन्याने वही उलटून बघा, तीच तीन वाक्यं पुन्हा पुन्हा आलेली असतील. तो अभ्यासक्रम. आणि एक मिनिटाऐवजी ३+२ कडे वळवता आलं तर बघा.

जुना सोव्हिएत जगज्जेता बोट्विनिक तर खेळाडूंना सांगायचा की आपल्या डावांवर टिपणं लिहा आणि छापा, म्हणजे तुमच्या चुका बाकीचे दाखवतील. आपल्याकडे छापायला हा धागा आहेच. टाका डाव इथे.

योगिनी_फ्रँकफर्ट

सांगलीकर काकांचं ३+२ बद्दल अगदी बरोबर. इथे जर्मनीत क्लबमध्ये खेळायला लागले तेव्हा पहिल्यांदा वाढीव सेकंदांची किंमत कळली. वर्ल्ड ब्लिट्झ चॅम्पियनशिपपण ३+२ वरच खेळतात. ४० चालींचा हिशोब केला तर १८० अधिक ८०, म्हणजे २६० सेकंद होतात, चालीला साडेसहा. ऐकायला फार नाही वाटत, पण शेवटी दोन सेकंद कायम हातात असतात म्हणून जिंकलेला एंडगेम जिंकता येतो. ३+० मध्ये हत्ती जास्त असूनही घड्याळावर हरतो आणि मग परत बघताना शिकायचं काय, माऊस फास्ट हलवा?

दिव्या आणि हंपीची महिला वर्ल्ड कपची फायनल आठवा ना, बाटुमी २०२५. क्लासिकलचे, म्हणजे सावकाश खेळायचे दोन्ही डाव बरोबरीत, मग कमी वेळाचे रॅपिड, आणि दुसऱ्या रॅपिडमध्ये वेळ संपत आल्यावर हंपीकडून चुका झाल्या. हंपी! जगातली एवढी अनुभवी खेळाडू. घड्याळ कोणाला सोडत नाही.

निशाचर_ठाणे

टिकटिक यांनी माझं नाव घेतलंच आहे तर सांगतो. हरल्यावर पुढचा डाव सुरू न करणं हे माणसाच्या हातात नसतं. रीमॅचचं बटण तिथेच, बोटाखाली. आणि हरलेल्या रागात खेळलेला डाव बघायचाही नसतो, त्यात शिकण्यासारखं काही नाही, नुसती मारामारी. मी आता नियम केलाय, सलग दोन हरलो की ॲप बंद, आणि डाव परत बघायचे ते दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये. ठाणे ते दादर दोन डाव आरामात होतात, सीट मिळाली तर तीन. दुसऱ्या दिवशी राग गेलेला असतो आणि समोरच्याच्या चाली चक्क चांगल्या दिसायला लागतात.

अवांतर: प्रीमूव्हबद्दल (समोरच्याची चाल व्हायच्या आधीच आपली लावून ठेवायची) कोणी बोललं नाही. चेसडॉटकॉमवर एकामागून एक कितीतरी प्रीमूव्ह लावून ठेवता येतात पण प्रत्येकीला घड्याळातून ०.१ सेकंद जातो, लिचेसवर एकच लावता येते आणि तिला वेळ शून्य. दोन्हीकडे खेळणाऱ्यांच्या सवयी यामुळे बिघडतात. माझे बरेच डाव प्रीमूव्हने गेलेत, वजीर खाईल असं धरून मी परत खायची चाल लावून ठेवलेली आणि त्याने खाल्लंच नाही.

रिकामटेकडा

बरं, मी माझ्या मतावर ठाम आहे पण एक विचारतो. चेसडॉटकॉमवर मी १३५० आणि लिचेसवर १६५०. म्हणजे लिचेसवर मी सुधारलोय असं समजू का?

प्यादेपंत

नका समजू :) लिचेस नवीन खातं १५०० पासून सुरू करतं आणि तिथले आकडे आपल्या पातळीला तसेही चढेच असतात. दोन साइट्सचे आकडे शेजारी ठेवायचेच नाहीत. मी तर रेटिंगचा आकडा लपवूनच ठेवलाय, झेन मोड लावला की पट आणि घड्याळ एवढंच उरतं.

सगळ्यांचं वाचून मी एक बदल केलाय तो सांगतो. टिकटिक म्हणाले तसं गोंधळाच्या जागा काढल्या, आणि त्या आलेखावरच्या उंच रेघांशी जुळवून बघितल्या. दोन प्रकारच्या रेघा निघाल्या. एक, जिथे खरंच विचार करायला हवा होता, म्हणजे मोहरे समोरासमोर भिडलेत, खायचं की नाही, राजावर हल्ला होतोय, तिथे पंधरा सेकंद गेले तर वाया नाहीत. दुसरी, जिथे काहीच घडत नव्हतं आणि मला काय खेळावं सुचत नव्हतं. हे दुसरं दुखणं घड्याळाचं नाहीच मुळी, प्लॅन नाही हे दुखणं आहे. त्याला औषध म्हणून एकच ठरवलंय, काही सुचत नसेल तर सगळ्यात वाईट उभा असलेला मोहरा शोधायचा आणि तो हलवायचा, पाच सेकंदांच्या आत. बहुतेक वेळा तो ए१ चा हत्ती असतो.

आणि उलटंही सापडलं, जिथे रेघ हवी होती तिथे नव्हती. समोरचा प्यादं देतोय, मी एका सेकंदात खाल्लं. एका सेकंदात! फुकट मिळणाऱ्या प्याद्यावर तरी चार सेकंद खर्च करायला हवेत.

टिकटिक

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, मी लिहिणारच होतो. माझ्याकडच्या मुलांचे आलेख बघताना मी उंच रेघांआधी बुटक्या रेघा बघतो. समोरचा काही देतोय आणि घेतलं एका सेकंदात, तिथे हमखास काहीतरी असतं.

डाव बघून झाल्यावर "लर्न फ्रॉम युअर मिस्टेक्स" बटण पण दाबा, संगणकाचं ॲनालिसिस मागवलं की येतं. तुमच्याच चुकीच्या जागी पट आणून ठेवतं आणि बरोबर चाल तुम्हाला शोधायला लावतं. पझल्सच आहेत, पण तुमच्याच डावातली. रिकामटेकडा खूश.

रिकामटेकडा

खूश वगैरे काही नाही. तीन मिनिटवाल्यांनो, हे सोडवा, कालच्या माझ्या सावकाश डावातून थोडं सोपं करून घेतलंय. पांढरा राजा ई१, पांढरं प्यादं ई२, काळा राजा ई८. बाकी पट रिकामा. पांढऱ्याची चाल. जिंकतो की बरोबरी? घड्याळ पाच सेकंद.

हत्ती_गेला

सोपं आहे, ई४ आणि पळवायचं वजीर व्हायला.

सांगलीकर

गेला. बरोबरी झाली. ई४ ला राजा ई७, तुम्ही राजा डी२, तो ई६, तुम्ही ई३, तो ई५ वर येऊन तुमच्या प्याद्यासमोर बसला. आता हलवा काय हलवायचं ते.

हत्ती_गेला

:( मग?

टिकटिक

राजा आधी. राजा डी२, तो राजा ई७, तुम्ही राजा ई३, तो राजा ई६, तुम्ही राजा ई४. आता दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि चाल त्याची, त्याला बाजूला व्हावंच लागतं. तो डी६ ला गेला की तुम्ही एफ५, तो एफ६ ला गेला की तुम्ही डी५. तो आधीच पुढे येऊन ई५ वर बसला असता तर? तुम्ही ई३ वर, चाल तुमची. तर डी३, तो डी५, आणि आता प्यादं ई३. ती एक चाल राखून ठेवायला प्यादं मागे हवं, प्यादं ई४ करून तुम्ही तीच उधळलीत.

हत्ती_गेला, तुमच्या डावांमधून असे राजा-प्यादं वाले शेवट शोधा बरं, इथे टाका. निशाचर तुम्हीपण.

निशाचर_ठाणे

शेवटापर्यंत पोचलो तर टाकतो.